बो जॅक्सन: बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉल एकाच वर्षात जमवायचा कसा? (मुलांसाठी तक्ता करायचा आहे)

तिसरा_बेस (लोकमान्यनगर, इंदूर)

नमस्कार मंडळी. उन्हाळी शिबिरात सॉफ्टबॉल खेळणाऱ्या १२ ते १५ वयाच्या मुलांसाठी भिंतीवर लावायला एक मोठा तक्ता करायचा आहे. विषय बो जॅक्सन. कॅन्सस सिटी रॉयल्सकडून आउटफिल्डमध्ये (बेसच्या पलीकडे, मैदानाच्या लांबच्या भागात) खेळायचा, आणि तोच माणूस लॉस एंजेलिस रेडर्सकडून फुटबॉलमध्ये रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा. (फुटबॉल म्हणजे अमेरिकन, लंबगोल चेंडूचा. तक्त्यावर हे आधी लिहावं लागणार, नाहीतर पोरं मेस्सीचं नाव काढतील.)

चार गोष्टी नीट कळायला हव्यात:

१. दोन्ही हंगाम एकमेकांवर येतात. मग महिन्यांचा हिशेब बसायचा कसा?
२. त्याची बेसबॉलची सरासरी .२५० दिसते (दर चार वेळच्या बॅटिंगला एक यशस्वी फटका). ती चांगली की वाईट? मुलं विचारणारच.
३. एका साध्या पकडीत (टॅकलमध्ये, म्हणजे पाडायला धरलं तेव्हा) खुबा गेला आणि सगळं संपलं, असं वाचलं. एवढ्या ताकदीच्या माणसाचं असं कसं झालं?
४. त्याची ती प्रसिद्ध थ्रो मुलांना शिकवण्यासारखी आहे का?

आई-बाप हल्ली विचारतात, "क्रिकेट आणि फुटबॉल दोन्ही चालू ठेवू का?" तेव्हा तक्ता नुसता वाहवा करणारा नको. कुठे जमलं, कुठे अडलं, ते दिसलं पाहिजे.

---

स्कोअरबुक

पहिले दोन प्रश्न मी घेतो. खुब्याचं जाणकारांनी सांगावं.

आधी करार बघा, महिन्यांचा हिशेब त्यातूनच सुटतो. बो जॅक्सनचा जन्म १९६२चा, बेसेमर, अलाबामा. ऑबर्न विद्यापीठाकडून खेळताना १९८५ची हाइझमन ट्रॉफी त्याला मिळाली. कॉलेज फुटबॉलमधला हा सर्वांत मोठा मान. १९८६च्या एनएफएल (व्यावसायिक फुटबॉल लीग) ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, टॅम्पा बे बकनीअर्सने त्याला पहिल्याच क्रमांकावर उचललं. पण ड्राफ्टच्या आधी त्या संघाने त्याला खासगी विमानातून भेटीला नेलं होतं, आणि नियमाप्रमाणे त्या भेटीमुळे त्याचा कॉलेज बेसबॉलचा शेवटचा हंगाम बाद झाला. संघाने "परवानगी घेतली आहे" म्हणून सांगितलं होतं, ती घेतलेलीच नव्हती. बोने त्यांच्याशी करार करायला साफ नकार दिला. रॉयल्सने त्याला बेसबॉल ड्राफ्टच्या चौथ्या फेरीत घेतलं होतं, तो तिकडे गेला.

आता नियमाची गंमत. ड्राफ्टमध्ये घेतलेल्या खेळाडूवरचा हक्क पुढच्या ड्राफ्टपर्यंतच टिकतो. बोने वर्षभर सही केली नाही, त्यामुळे १९८७मध्ये त्याचं नाव पुन्हा यादीत आलं. सगळ्यांना वाटत होतं, हा आता बेसबॉलचाच. रेडर्सने सातव्या फेरीत, १८३व्या क्रमांकावर त्याला घेतलं आणि मालक अल डेव्हिसने अट मान्य केली: बेसबॉलचा हंगाम पूर्ण कर, मग ये. सगळी दुहेरी कारकीर्द या एका अटीवर उभी होती. फुटबॉलच्या संघाने "आम्ही दुसरे" हे मान्य केलं नसतं तर कितीही वेग असता तरी जमलं नसतं.

महिने असे:

फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्च: बेसबॉलचा सराव.
एप्रिल ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा: १६२ सामने, जवळपास रोज.
त्यानंतर साधारण दोन आठवडे: फुटबॉलच्या मापाचं शरीर आणि डावपेच.
मध्य ऑक्टोबर ते डिसेंबरचा शेवट: फुटबॉल, आठवड्याला एक सामना.
जानेवारी: संघ बाद फेरीत पोचला तर तेही.

म्हणजे एनएफएलच्या त्या काळच्या साधारण १६ सामन्यांपैकी सुरुवातीचे पाच-सहा तरी सामने दरवर्षी हुकायचे. तो खेळला ते असे: १९८७मध्ये ७ सामने, १९८८मध्ये १०, १९८९मध्ये ११, १९९०मध्ये १०. एकूण ३८. तक्त्यावर त्याची फुटबॉलची धाव "२,७८२ यार्ड" एवढीच लिहिलीत तर ती किरकोळ वाटेल, कारण त्या काळचे चांगले रनिंग बॅक एका हंगामात हजारावर यार्ड धावायचे. सोबत ५१५ धावा (म्हणजे चेंडू घेऊन केलेले प्रयत्न) आणि दर प्रयत्नाला ५.४ यार्ड हे लिहाच. दर प्रयत्नाला ४ यार्ड मिळाले तरी चांगलं समजतात.

आता बेसबॉल. फक्त .२५० लिहिलंत तर मुलं म्हणतील, "हा तर सरासरी खेळाडू." एका अर्थी खरंही आहे. ६९४ सामने, १४१ होमरन (एकाच फटक्यावर सगळे बेस पळून धाव), ४१५ आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर संघाला मिळालेल्या धावा), ८२ चोरलेले बेस (फटका नसताना पळून गाठलेले), आणि ८४१ स्ट्राइकआउट. शेवटच्या आकड्यावर थांबा. त्याच्या एकूण अॅट-बॅट (बॅटिंगच्या मोजल्या जाणाऱ्या संधी) २,३९३. म्हणजे दर १०० वेळा ३५ वेळा तो नीट फटका न मारताच, तीन स्ट्राइक होऊन परतला. त्या काळच्या मानाने फारच जास्त. १९८९मध्ये १७२ स्ट्राइकआउट करून अमेरिकन लीगमध्ये (मोठ्या बेसबॉलच्या दोन लीगपैकी एक, दुसरी नॅशनल लीग) तो या बाबतीत पहिला होता, आणि त्याच वर्षी ३२ होमरन आणि १०५ आरबीआयही. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा.

पण माझ्या मते खरा आकडा वर्षवार आहे, आणि तो कुणीच तक्त्यावर घालत नाही. बघा:

१९८७: सरासरी .२३५, ३९६ अॅट-बॅटमध्ये १५८ स्ट्राइकआउट (४० टक्के)
१९८८: .२४६, ४३९मध्ये १४६ (३३ टक्के)
१९८९: .२५६, ५१५मध्ये १७२ (३३ टक्के)
१९९०: .२७२, ४०५मध्ये १२८ (३२ टक्के)

सरासरी चार वर्षं सलग वर चढलेली. हा माणूस मोठ्या लीगमध्ये शिकत होता. मायनर लीगमध्ये, म्हणजे जिथे इतर फलंदाज तीन-चार वर्षं घासतात तिथे, १९८६मध्ये तो मेम्फिसकडून जेमतेम ५३ सामने खेळला आणि सरळ वर. शिवाय दुसरे फलंदाज हिवाळ्यात स्विंगवर काम करतात, हिवाळी लीग खेळतात. बोचा प्रत्येक हिवाळा फुटबॉलमध्ये. वळणारा चेंडू ओळखणं हे ताकदीचं काम नाही, हजारो चेंडू पाहून डोळ्यात बसतं. फुटबॉलने त्याच्याकडून काय घेतलं, तर आधी हे चेंडू घेतले. खुबा नंतर.

म्हणून त्या पालकांना सांगायला हरकत नाही: दोन खेळांत महिने बसवता येतात. सरावाचे तास मात्र कुठून तरी कापले जातातच, आणि ते बहुधा नजर-हाताच्या कौशल्याच्या खेळातून कापले जातात. पळणं टिकतं, बॅटिंग मागे पडते.

एक गोष्ट तक्त्यावर अजिबात घालू नका: ४० यार्ड ४.१२ सेकंदांत. ती वेळ हातातल्या घड्याळावर घेतलेली आहे. अंगठा किती लवकर दाबला त्यावर दोन दशांश इकडचे तिकडे होतात.

---

रामबागकर

स्कोअरबुकदादांचं चढत्या सरासरीचं पटलं, पण एक तक्रार. बो जॅक्सन हे "दोन खेळ जमतात" याचं उदाहरण म्हणून दिलं की चित्र अर्धंच राहतं. शेजारी दोन जण उभे करा. दोघेही आउटफिल्डर, दोघेही फुटबॉलमध्ये बचावातले. बो एकटा चेंडू घेऊन धावणारा, म्हणजे सगळा मार अंगावर घेणारा.

डीऑन सँडर्स. कॉर्नरबॅक, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या पास झेलणाऱ्याला चिकटून राहणारा. सप्टेंबर १९८९मध्ये ५ तारखेला यांकीजकडून होमरन, १० तारखेला अटलांटा फाल्कन्सकडून पंट (समोरच्याने लाथेने मारलेला चेंडू) परतवून टचडाउन, म्हणजे थेट शेवटच्या रेषेपार धाव. एकाच आठवड्यात दोन्ही. बेसबॉलमध्ये ६४१ सामने, सरासरी .२६३, पण होमरन फक्त ३९. त्याचं हत्यार पाय, १८६ चोरलेले बेस. १९९२मध्ये अटलांटा ब्रेव्ह्जकडून जेमतेम ९७ सामन्यांत १४ ट्रिपल (तीन बेस गाठून देणारे फटके) मारले आणि नॅशनल लीगमध्ये पहिला आला. त्याच वर्षीच्या वर्ल्ड सिरीजमध्ये (बेसबॉलची अंतिम मालिका) १५पैकी ८ हिट. सुपर बोल (फुटबॉलचा अंतिम सामना) आणि वर्ल्ड सिरीज दोन्ही खेळलेला तो एकमेव माणूस.

पण त्याचंच ११ ऑक्टोबर १९९२ पाहा. दुपारी मायामीत फाल्कन्सचा सामना खेळला, तिथून विमानाने पिट्सबर्गला, रात्री ब्रेव्ह्जच्या बाद फेरीच्या सामन्याला गणवेश चढवून हजर. आणि त्या रात्री त्याला मैदानात उतरवलंच नाही. "एकाच दिवशी दोन सामने" म्हणून हे फिरतं ते चूक आहे. दोन ठिकाणी हजर होता, खेळला एकच. अल डेव्हिसने जी अट मान्य केली ती नसली की काय होतं, त्याचा हा नमुना.

दुसरा ब्रायन जॉर्डन. १९८९ ते १९९१ फाल्कन्सचा सेफ्टी (सर्वांत मागचा बचावपटू), ५ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याचे मधेच झेललेले पास). सेंट लुइस कार्डिनल्सने १९९२मध्ये त्याच्यापुढे पैसे ठेवले आणि अट घातली की फुटबॉल बंद. त्याने बंद केलं. पुढे २००६पर्यंत बेसबॉल खेळला: १८४ होमरन, ८२१ आरबीआय, सरासरी .२८२. १९९६मध्ये .३१० आणि १०४ आरबीआय, १९९९मध्ये ऑल-स्टार (हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड).

आता तुम्हीच ठरवा. बेसबॉलपटू म्हणून तिघांत मोठा जॉर्डन. पोस्टर मात्र बोचंच लागणार, आणि ते चुकीचं आहे असंही म्हणवत नाही. ऑल-स्टार सामन्यात पहिल्याच डावात ४४८ फुटांचा होमरन मारणाऱ्याचं पोस्टर नाही लावायचं तर कुणाचं?

---

फिजिओ_सुदामानगर

तिसऱ्या प्रश्नावर.

तारीख १३ जानेवारी १९९१, लॉस एंजेलिस कॉलिझियम, बाद फेरीत सिनसिनाटी बेंगल्सविरुद्ध. बो ३४ यार्डांची धाव घेत होता, मागून केव्हिन वॉकरने पाय धरला. टीव्हीवर पकड साधी दिसते, आणि ती होतीही साधी. घोळ वेगाचा आणि वजनाचा. शंभर किलोच्या वर वजनाचा माणूस पूर्ण वेगात, पाय जागेवर अडकलेला, धड पुढे निघालेलं. तो सगळा जोर एका सांध्यात जातो. दुसऱ्या कुणाचा पाय कदाचित नुसता सुटला असता. याचं बळच इतकं की तो पडता पडताही ढकलत राहिला.

खुब्याचा सांधा म्हणजे वाटी आणि गोळा. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा कमरेच्या हाडाच्या खोलगट वाटीत बसतो. गोळा वाटीबाहेर आला की दोन नुकसानं होतात. एक डोळ्याला दिसतं: वाटीची कड मोडते, कूर्चा खरवडते. दुसरं दिसत नाही. मोठ्या माणसात त्या गोळ्याला रक्त मुख्यतः हाडाच्या मानेच्या मागून चढणाऱ्या बारीक धमन्यांतून मिळतं. त्या ताणल्या किंवा तुटल्या की गोळ्याचं हाड आतून मरायला लागतं. याला अॅव्हॅस्क्युलर नेक्रोसिस म्हणतात. बोला नेमकं तेच झालं.

यातला फसवा भाग वेळेचा. मेलेलं हाड लगेच कोसळत नाही. सुरुवातीला साध्या एक्स-रेत काहीच दिसत नाही, एमआरआयमध्ये आधी दिसतं. माणूस चालतो, थोडं पळतोही, आणि मग काही महिन्यांत, कधी वर्ष-दोन वर्षांत, गोळा चेंडू दाबल्यासारखा चपटा होतो. रॉयल्सने मार्च १९९१मध्ये बोला सोडलं ते यामुळेच. शिकागो व्हाइट सॉक्सने घेतलं, सप्टेंबरमध्ये तो परत खेळला, २३ सामन्यांत ३ होमरन. पण गोळा टिकला नाही. १९९२मध्ये सांधा बदलला.

कृत्रिम खुब्यावर मोठ्या लीगमध्ये परत येणं हीच मुळात अचाट गोष्ट. ९ एप्रिल १९९३ला त्या हंगामातल्या पहिल्याच बॅटिंगला होमरन मारला. त्या वर्षी ८५ सामने, १६ होमरन. १९९४मध्ये एंजल्सकडून ७५ सामने, १३ होमरन, सरासरी .२७९. त्याच वर्षी खेळाडूंच्या संपामुळे हंगाम अर्ध्यावर थांबला, आणि त्यानंतर तो निवृत्त झाला.

तक्त्यासाठी मात्र होमरनपेक्षा बेसचोरी पाहा. १९८८मध्ये २७, १९८९मध्ये २६, १९९०मध्ये १५. खुबा गेल्यावर १९९१मध्ये ०, १९९३मध्ये ०, १९९४मध्ये १. होमरनचं बळ कंबर, धड आणि हातातून आलं, ते बरंच उरलं. थांबलेल्या पायावरून पहिल्या तीन पावलांत जो झटका लागतो तो संपला. सांध्याने काय नेलं आणि काय ठेवलं, ते या एका ओळीत दिसतं.

शिबिरात उपयोगी पडेल म्हणून: पडल्यावर मूल पाय आत वळवून, आखडून धरत असेल आणि हलवू देत नसेल तर ओढायचं नाही, सरळ करायचं नाही, उभं करून बघायचं नाही. आहे त्या स्थितीत आधार देऊन हॉस्पिटल. निसटलेला खुबा सहा तासांच्या आत जागेवर बसवावा लागतो. जितका उशीर, तितकी रक्तपुरवठा जाण्याची भीती. आणखी एक: या वयात खुब्याचं दुखणं कितीदा गुडघ्यात जाणवतं. मूल गुडघा दाखवून लंगडत असेल आणि गुडघ्याला काहीच सापडत नसेल तर खुबा तपासायला सांगा. "वाढीचं दुखणं" म्हणून महिनाभर काढू नका.

---

तिसरा_बेस

खूपच उपयोगी. बेसचोरीची ओळ तक्त्यावर मोठ्या अक्षरांत टाकतो. आता चौथा प्रश्न उरला: सिएटलची थ्रो. मुलांनी तुकडा मोबाइलवर पाहिलाय, आणि सगळे जागेवर उभं राहून होमला (फलंदाजाच्या बेसकडे, जिथे पोचलं की धाव होते) फेकायला बघतात.

---

लेफ्टफील्ड_ताई

शिकवू नका. दाखवा, पण ती का चालली आणि तुमच्या मुलांकडून का चालणार नाही, तेही सांगा.

घटना: ५ जून १९८९, सिएटलचं किंगडोम, दहावा डाव, बरोबरी. पहिल्या बेसवर हॅरॉल्ड रेनॉल्ड्स, १९८७मध्ये अमेरिकन लीगमध्ये सर्वाधिक बेस चोरलेला माणूस, आणि तो चेंडू टाकल्याबरोबर पळत सुटलेला. स्कॉट ब्रॅडलीने डाव्या कोपऱ्यात भिंतीपर्यंत मारला. सर्वसाधारण हिशेबाने रेनॉल्ड्स चालत घरी, म्हणजे होमला, यायचा. बोने भिंतीवरून उसळलेला चेंडू उघड्या हाताने उचलला, पाय न रोवता वळला आणि फेकला. मधल्या कुणाच्याही हाती न लागता, टप्पा न पडता, साधारण ३०० फूट, थेट होममागच्या कॅचर बॉब बूनच्या ग्लव्हमध्ये. रेनॉल्ड्स बाद.

३०० फूट म्हणजे ९१ मीटर. क्रिकेटमध्ये सीमारेषेवरून यष्टिरक्षकाकडे फेक साधारण ६० ते ७५ मीटरची असते, तीही धावत येऊन. होळकर स्टेडियमवर मुलांना सीमारेषा दाखवा आणि म्हणा, आता प्रेक्षकांत आणखी वीसेक मीटर मागे जा. मग त्यांना अंतर कळेल.

पाय रोवून जोर काढला नाही तर सगळं खांदा-कोपरावर येतं. बाराव्या-तेराव्या वर्षी कोपराच्या आतल्या बाजूला वाढीची कूर्चा कच्ची असते, तिथेच ताण बसतो. त्यातून सॉफ्टबॉल १२ इंच घेराचा, १७८ ते १९८ ग्रॅम. बेसबॉल १४२ ते १४९ ग्रॅम. तुमचा चेंडू जड आणि हात लहान.

मुलांना हे शिकवा (उजव्या हाताने फेकणाऱ्यासाठी):

चेंडूवर सरळ धावू नका, किंचित बाहेरून वळसा घेऊन या, म्हणजे उचलताना तोंड होमकडे असतं. डावा पाय पुढे टाकून ग्लव्हने उचला. उघड्या हाताने फक्त थांबलेला चेंडू. उचलल्यावर उजवा पाय पुढे आडवा टाकून छोटी उडी, त्यात डावा खांदा लक्ष्याकडे वळतो. मग डावा पाय लांब टाकून फेक. या उडीतच जोर असतो. बोटं शिवणीवर आडवी, म्हणजे चेंडू सरळ मागे फिरतो. बोटं बाजूला घसरली की चेंडू शेवटच्या दहा मीटरांत वाकडा जातो आणि मुलं म्हणतात, "वारा होता."

उंच फेकू नका. आभाळात गेलेला चेंडू पोचेपर्यंत धावणारा घरी येतो. कमी उंचीवर, होमच्या आधी एक लांब टप्पा पडेल असा फेका. कॅचरला टप्प्याचा चेंडू घेणं सोपं असतं. आणि दूरची फेक नेहमी मधल्या माणसाच्या रेषेत. मधल्याने हात वर करून होम आणि फेकणारा यांच्या बरोबर मध्ये उभं राहायचं, "सोड" किंवा "काप" हे कॅचर ओरडणार. इथे गावातल्या संघांत सगळ्यांत जास्त चूक होते: मधला माणूस रेषेबाहेर उभा असतो, फेकणारा त्याच्या डोक्यावरून फेकतो, आणि फलंदाज मजेत दुसऱ्या बेसवर.

सराव १५ मीटरपासून, दर पाच-सहा फेकींनी पाच मीटर मागे, ४० मीटरपर्यंत. पूर्ण जोराच्या फेका एका दिवसात १२ ते १५, बास. कोपर आतून दुखलं की तो दिवस संपला.

बोची ती फेक पाहताना मुलांना विचारा, "मधला माणूस कुठे आहे?" त्या क्षणी तो नियमाप्रमाणे जागेवर होता, बोने त्याला वापरलं नाही एवढंच. आणि नाही वापरलं म्हणून रेनॉल्ड्स बाद झाला. शंभरात नव्याण्णव वेळा नियम पाळलेलाच बरा.

---

जुनी_इंदूर

विषय अमेरिकेचा आहे, पण तक्त्याच्या कोपऱ्यात एक इंदूरची चौकट हवीच. चुनी गोस्वामी. १९६२च्या आशियाई खेळांत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय फुटबॉल संघाचे कर्णधार (हा आपला गोल चेंडूचा फुटबॉल). डिसेंबर १९६६मध्ये सोबर्सच्या वेस्ट इंडीजविरुद्ध मध्य आणि पूर्व विभागाच्या संयुक्त संघाकडून ते इंदूरला खेळले, सामन्यात ८ बळी घेतले, आणि वेस्ट इंडीज डावाने हरली. पुढे १९७१-७२च्या रणजी अंतिम सामन्यात बंगालचे कर्णधार तेच.

पण रामबागकरांच्या जॉर्डनसारखंच इथेही पाहा: इंदूरचा सामना खेळले तेव्हा गोस्वामींचा आंतरराष्ट्रीय फुटबॉल थांबून दोन वर्षं झाली होती. शिवाय कलकत्त्याची फुटबॉल लीग पावसाळ्यात, क्रिकेट हिवाळ्यात. महिने फारसे भांडत नव्हते.

---

तिसरा_बेस

सगळ्यांचे आभार. मजकूर असा जुळवलाय, नजर टाका:

"बो जॅक्सन, जन्म १९६२. लेफ्ट फील्ड आणि रनिंग बॅक. बेसबॉल: ६९४ सामने, १४१ होमरन, ८४१ स्ट्राइकआउट. फुटबॉल: ३८ सामने, ५१५ धावा, २,७८२ यार्ड, धावून १६ टचडाउन. सर्वांत लांब धावा ९१ आणि ९२ यार्ड. ३० नोव्हेंबर १९८७, सिएटलविरुद्ध एका रात्रीत २२१ यार्ड. ११ जुलै १९८९, ऑल-स्टार सामन्यात होमरन आणि त्याच दिवशी भिंतीवर धावत झेल. १७ जुलै १९९०, यांकी स्टेडियमवर सलग चार होमरन. दोन्ही खेळांच्या हॉल ऑफ फेममध्ये."

खाली वर्षवार सरासरी, स्ट्राइकआउटची टक्केवारी आणि बेसचोरी, तीन रेघांचा आलेख.

---

स्कोअरबुक

आलेख उत्तम. मजकुरात तीन दुरुस्त्या.

भिंतीवर धावलेला झेल ११ जुलैचाच, पण १९९०चा, बाल्टिमोरच्या मेमोरियल स्टेडियमवर. ऑल-स्टार सामना ११ जुलै १९८९, अॅनहाइम. तारीख एक, वर्षं दोन, म्हणून सगळीकडे गल्लत होते. ऑल-स्टारला त्याने पहिल्या डावात एक अवघड झेल घेतला होता, पण तो भिंतीवर नाही.

यांकी स्टेडियमवर तीन होमरन, चार नाही. चौथ्या वेळी बॅट घेण्याआधीच डीऑन सँडर्सने मारलेल्या चेंडूवर झेप घेताना त्याचा खांदा दुखावला, चेंडू निसटला आणि सँडर्स सगळे बेस पळून घरी आला. रामबागकरांच्या तिघांतले दोघे, बो आणि सँडर्स, एकाच चेंडूत. खांदा बरा होऊन २६ ऑगस्टला परतला तेव्हा पहिल्याच बॅटिंगला रँडी जॉन्सनला होमरन. सलग चार होतात ते हे धरून, मधे साडेपाच आठवडे गेले.

हॉल ऑफ फेम: कॉलेज फुटबॉलचं, १९९८. व्यावसायिक बेसबॉलच्या किंवा फुटबॉलच्या हॉलमध्ये तो नाही. त्या ओळीऐवजी "१९८९ बेसबॉल ऑल-स्टार, १९९० फुटबॉल प्रो बोल, दोन्ही मान मिळवणारा पहिला" असं लिहा. प्रो बोलला (फुटबॉलच्या ऑल-स्टार सामन्याला) निवड झाली, खुब्यामुळे खेळला नाही, हे कंसात.

आणि २२१ यार्डांच्या तारखेपुढे छोट्या अक्षरांत लिहा: त्या दिवशी त्याचा २५वा वाढदिवस होता.